वाकिटा किती उरले? प्रकाशित अंदाजांच्या पुनर्गणनेच्या प्रकल्प नोंदी

6 जानेवारी 2025

आजपासून काम सुरू केले. मेक्सिकोच्या कॅलिफोर्निया आखाताच्या उत्तर टोकाला, आणि जगात फक्त तिथेच, राहणाऱ्या वाकिटा या छोट्या पॉरपॉइजच्या (डॉल्फिनच्या नात्यातल्या समुद्री सस्तन प्राण्याच्या) संख्येचे 1997 पासून जे अंदाज प्रसिद्ध झाले, ते एकापाठोपाठ एक हाताने पुन्हा मांडून पाहायचे, प्रत्येक आकडा कोणत्या गृहीतकांवर उभा आहे हे लिहून काढायचे आणि शेवटी सर्व अंदाज त्यांच्या अनिश्चिततेसह एका तक्त्यात आणायचे, एवढी या प्रकल्पाची मर्यादा आहे. नवे सर्वेक्षण यात नाही.

हाच प्राणी निवडण्याचे कारण नोंदवून ठेवतो. मोठ्या संख्येपासून हातावर मोजता येईल इतक्या संख्येपर्यंतची घसरण आणि त्या घसरणीबरोबर बदलत गेलेली मोजणीची पद्धत, या दोन्ही गोष्टी एकाच प्राण्याच्या बाबतीत इतक्या स्पष्टपणे क्वचितच पाहायला मिळतात. विज्ञानाला ही प्रजाती 1958 मध्ये कवट्यांवरून कळली आणि 1996 पासून ती अतिसंकटग्रस्त वर्गात आहे. पूर्ण वाढलेला प्राणी जेमतेम दीड मीटर लांब असतो.

9 जानेवारी

जहाजावरील सर्वेक्षणाचे मूळ सूत्र आज साध्या शब्दांत उतरवले. जहाज ठरलेल्या रेषांवरून जाते. निरीक्षक मोठ्या दुर्बिणींतून दोन्ही बाजूंना पाहतात. प्रत्येक वेळी प्राणी दिसला की तो रेषेपासून किती अंतरावर होता आणि त्या गटात किती प्राणी होते, हे लिहिले जाते. रेषेपासून जसे दूर जावे तसे दिसणे कमी होत जाते. त्या उतारावरून आपण प्रत्यक्षात किती रुंदीचा पट्टा पूर्णपणे पाहिल्यासारखा आहे हे काढता येते, आणि पट्ट्याचे क्षेत्रफळ हाती आले की घनता व घनतेवरून एकूण संख्या मिळते.

यात एक जागा सर्वांत नाजूक आहे. नेमक्या रेषेवर, म्हणजे जहाजाच्या अगदी वाटेत असलेला प्राणीसुद्धा हमखास दिसेल असे नाही, कारण त्या क्षणी तो पाण्याखाली असू शकतो. रेषेवरचा प्राणी दिसण्याची शक्यता निम्मी असेल, तर शेवटचा आकडा दुप्पट करावा लागतो. वाकिटाच्या बाबतीत ही शक्यता चांगलीच कमी आहे. तो बहुधा एकटा किंवा दोन-तीनच्या गटात असतो, श्वास घेण्यापुरता वर येतो, उसळी मारत नाही आणि इंजिनाचा आवाज आला की बाजूला होतो. म्हणूनच 25 पट मोठे दाखवणाऱ्या, जहाजाला पक्क्या बसवलेल्या दुर्बिणी वापरल्या गेल्या, म्हणजे जहाजाची चाहूल लागण्याआधी तो दिसावा. लाटांना पांढरा फेस येऊ लागला की पाठीवरचा तो लहानसा त्रिकोणी पर फेसात मिसळून जातो, त्यामुळे गणनेसाठी शांत समुद्रातल्या तासांचाच उपयोग होतो.

14 जानेवारी

1997 चा अंदाज: 567 वाकिटा, 95 टक्के विश्वास-मर्यादा (खरी संख्या बहुधा ज्यांच्या दरम्यान असेल ते दोन आकडे) 177 ते 1073. संपूर्ण वावरक्षेत्र व्यापणारे हे पहिले सर्वेक्षण.

खालची आणि वरची मर्यादा यांत सहापट अंतर आहे. हा आकडा वाचून ‘म्हणजे काहीच ठरवता येत नाही’ असे म्हणणारे तेव्हाही असणार आणि आजही भेटतात, म्हणून आजचा दिवस याच प्रश्नावर घालवला. अशा प्राण्याची संख्या अनुकूल परिस्थितीतही वर्षाला साधारण 4 टक्क्यांहून अधिक वेगाने वाढेल असे धरले जात नाही. 567 वर ही वाढ 23 प्राण्यांची होते. खालच्या मर्यादेवर 7 आणि वरच्या मर्यादेवर 43. दुसऱ्या बाजूला, 1990 च्या दशकाच्या पूर्वार्धातील निरीक्षणांवरून एल गोल्फो द सांता क्लारा या एका बंदराच्या गिलनेट जाळ्यांत (पाण्यात पडद्यासारख्या उभ्या लावलेल्या जाळ्यांत) वर्षाला 39 वाकिटा अडकून मरतात असा अंदाज निघाला होता, त्याची मर्यादा 14 ते 93. सान फेलिपे या दुसऱ्या बंदराच्या होड्यांकडूनही तितकेच नुकसान धरले तर दोन्ही मिळून 78.

नऊ जोड्या करून पाहिल्या: संख्येचे तीन आकडे, मृत्यूचे तीन आकडे, दोन बंदरे धरून. आठ जोड्यांत मृत्यू वाढीपेक्षा जास्त आहेत. संख्या सर्वांत मोठी आणि मृत्यू सर्वांत कमी, म्हणजे 43 विरुद्ध 28, या एकाच कोपऱ्यात प्रजाती तग धरते. आकडा अनिश्चित होता हे खरे, परंतु उत्तर अनिश्चित नव्हते. जाळी थांबवण्याचा निर्णय 567 या आकड्याच्या अचूकतेवर अवलंबून नव्हता, आणि हे मला या प्रकल्पातले सर्वांत महत्त्वाचे गणित वाटते. ते एका कागदावर मावते.

20 जानेवारी

2008 चा अंदाज: 245, सीव्ही 73 टक्के. सीव्ही म्हणजे प्रमाण त्रुटी (अंदाज साधारण किती इकडेतिकडे होऊ शकतो, त्याचे माप) अंदाजाच्या किती टक्के आहे, ते गुणोत्तर. ‘सीव्ही’ हा शब्द तक्त्यात असाच ठेवणार आहे.

आज माझी एक चूक झाली, ती नोंदवतो. मर्यादा काढताना मी नेहमीच्या सवयीने अंदाजाच्या दोन्ही बाजूंना 1.96 गुणिले प्रमाण त्रुटी इतके अंतर घेतले आणि उत्तर आले उणे 106 ते 596. उणे एकशे सहा प्राणी. तक्त्यातल्या खान्यात तो आकडा दिसल्यावर मी बराच वेळ सूत्रातला कंस शोधत होतो. चूक कंसात नसून विचारात होती. संख्या शून्याखाली जाऊ शकत नाही, आणि अशा अंदाजातील त्रुटी बेरजेच्या नसून गुणाकाराच्या असतात: दिसण्याची शक्यता, पट्ट्याची रुंदी, गटाचा आकार हे सगळे एकमेकांत गुणले जातात. म्हणून लॉग-नॉर्मल वितरण घ्यावे लागते, म्हणजे मर्यादा बेरीज-वजाबाकीने न काढता अंदाजाला एकाच आकड्याने गुणून आणि भागून काढायच्या.

21 जानेवारी

लॉग-नॉर्मल पद्धतीने पुन्हा: 1 अधिक 0.73 चा वर्ग, त्याचा नैसर्गिक लॉग 0.427, वर्गमूळ 0.654, गुणिले 1.96 म्हणजे 1.281, आणि त्याचा घातांक 3.60. आता 245 ला 3.60 ने भागले की 68, गुणले की 882. प्रसिद्ध मर्यादा 68 ते 884 आहे. दोनाचा फरक दशांश गाळल्यामुळे आहे. काल उणे 106 आणि आज 68; आकडेवारी तीच.

हीच कसोटी 1997 ला लावली तर दोन्ही बाजूंची गुणोत्तरे जुळत नाहीत (खाली 3.2 पट, वर 1.9 पट), म्हणजे ती मर्यादा वेगळ्या पद्धतीने काढलेली आहे. तक्त्यात तशी टीप दिली.

28 जानेवारी

567 वरून 245. अकरा वर्षांत 57 टक्के घट, वर्षाला सुमारे साडेसात टक्के. पण दोन्ही अंदाजांच्या मर्यादा एकमेकींत भरपूर शिरतात, तेव्हा घट खरोखर झाली असे किती खात्रीने म्हणता येईल, हे तपासले. लॉगमधील फरक 0.839 आणि दोन्ही अनिश्चितता मिळून 0.80 धरली की घट झाल्याची शक्यता सुमारे 85 टक्के येते. प्रसिद्ध विश्लेषणात, अर्थातच माझ्यापेक्षा बारकाईने केलेल्या गणितात, ती 89 टक्के आहे. त्याच विश्लेषणात आणखी एक वाक्य आहे आणि ते सहज नजरेतून सुटण्यासारखे आहे: वावरक्षेत्राच्या मध्यभागापुरते पाहिले तर घट झाल्याची शक्यता 100 टक्के होती.

एकच प्राणी, तीच दोन वर्षे, तरी एका ठिकाणी 89 आणि दुसऱ्या ठिकाणी 100. एकूण संख्या काढताना कडेच्या उथळ पाण्याचा हिशेबही धरावा लागतो. तिथे मोठे जहाज जाऊ शकत नाही, आणि 2008 मध्ये त्या भागासाठी पालनौकेने ओढत नेलेल्या ध्वनिशोधकांची मदत घेतली गेली होती. मध्यभागात मात्र दोन्ही वेळी जवळपास सारखेच काम झालेले असल्याने तुलना स्वच्छ होते. ‘एकूण किती’ याचे उत्तर धूसर असताना ‘पूर्वीपेक्षा कमी की जास्त’ याचे उत्तर लख्ख असू शकते. पुढची सगळी वाटचाल या फरकावर झाली आहे, असे आता वाटते.

3 फेब्रुवारी

ध्वनिनोंदींकडे वळलो. वाकिटा सतत आवाज काढत असतो. अन्न आणि वाट दोन्ही तो प्रतिध्वनीवरून शोधतो. हे टकटक आवाज 130 ते 140 किलोहर्ट्झच्या आसपासचे, म्हणजे माणसाला ऐकू येण्याच्या मर्यादेच्या सहा-सात पट वरचे असतात. इतक्या वरच्या पट्टीतला आवाज पाण्यात लवकर विरतो, त्यामुळे शोधक यंत्राला काहीशे मीटरच्या आतला प्राणीच ‘दिसतो’. परंतु यंत्र रात्री झोपत नाही, लाटांनी अडत नाही आणि त्याच्या आवाजाने प्राणी दूर पळत नाही. 2011 पासून दर उन्हाळ्यात वाकिटासाठीच्या राखीव क्षेत्रात 46 ठरलेल्या जागी सी-पॉड नावाचे शोधक बसवले गेले. उन्हाळा निवडण्यामागे व्यावहारिक कारण आहे: कोळंबीचा हंगाम तेव्हा बंद असतो, म्हणून जाळ्यांबरोबर यंत्रे ओढली जाण्याचा धोका कमी.

5 फेब्रुवारी

या यंत्राचे काम समजावे म्हणून सरावासाठी ठेवलेली एक नोंद उघडली. ती वाकिटाची नसून त्याच कुळातल्या एका प्रजातीची आहे, आवाजाची पट्टी जवळपास तीच. यंत्र ध्वनी साठवत नाही, प्रत्येक टकटकीची वेळ, पट्टी, कालावधी आणि जोर एवढेच लिहून ठेवते. पडद्यावर उभ्या रेघांची एक रांग दिसली. सुरुवातीच्या रेघा बुटक्या, मग हळूहळू उंच होत गेलेल्या, आणि पुन्हा बुटक्या: प्राण्याने डोके यंत्राच्या दिशेने वळवले आणि पुढे नेले, त्याचा तो ठसा. दोन रेघांमधले अंतर मधेच आखडत जाते आणि शेवटी रेघा एकमेकींना चिकटल्यासारख्या दिसतात. तिथे बहुधा त्याला मासा सापडला. होडीच्या सोनारच्या रेघा याच्या तुलनेत लगेच ओळखू येतात, कारण त्यांतले अंतर घड्याळासारखे एकसारखे असते. डॉल्फिनचा आवाज अनेक पट्ट्यांत पसरलेला असतो.

या नोंदीला गणिताचा उपयोग नाही, तरी ती इथे ठेवतो आहे. इतके दिवस मी ज्याला ‘संख्या’ म्हणतो आहे, ती कोणाची आहे हे त्या रेघांमध्ये पहिल्यांदा जाणवले.

10 फेब्रुवारी

2011 ते 2015 या काळात आवाजांच्या नोंदी वर्षाला सरासरी 34 टक्क्यांनी घटल्या, मर्यादा 21 ते 48 टक्के. चार वर्षांत 0.66 चा चौथा घात, म्हणजे 0.19: पाचातले चार गेले. सर्वांत आशादायी टोक घेऊन 21 टक्केच धरले तरी चार वर्षांनी 39 टक्केच उरतात. इथेही 14 जानेवारीच्या कोपऱ्यांचीच गोष्ट आहे, फक्त या वेळी एकही कोपरा दिलासा देत नाही.

या पद्धतीचे गृहीतकही लिहून ठेवले पाहिजे. टकटकींची संख्या म्हणजे प्राण्यांची संख्या नव्हे. एक प्राणी दिवसाला सरासरी किती आवाज काढतो हे वर्षानुवर्षे बदलत नाही, असे धरले तरच आवाजांची घट ही प्राण्यांची घट ठरते. शिवाय प्राणी थोडे उरले की ते दोन-चार शोधकांभोवतीच फिरतात आणि एका यंत्राचा बिघाडही सगळ्या मालिकेला धक्का देऊ शकतो. चार वर्षांच्या सलग घटीला मात्र या दोन शंका पुरे पडत नाहीत.

11 फेब्रुवारी

2015 चे सर्वेक्षण खोल पाण्यात जहाजावरून आणि उथळ पाण्यात ध्वनिशोधकांनी केले गेले, आणि दोन्हींची सांगड घालून 59 हा अंदाज निघाला. मर्यादा 22 ते 145. पुढच्या वर्षी आवाजांत 49 टक्के घट. 59 गुणिले 0.51 म्हणजे 30, आणि 2016 साठी प्रसिद्ध झालेला आकडा तोच आहे. 2017 आणि 2018 या दोन्ही वर्षांत पुन्हा जवळपास निम्मी घट झाली. 2018 च्या उन्हाळ्यात 19 हूनही कमी उरले असे जाहीर झाले.

ही घट कशाने झाली यात संशयाला जागा नाही. तोतोआबा नावाचा मोठा मासा, घोळ माशाच्याच कुळातला, त्याच पाण्यात राहतो. त्याच्या भोताला (पोटातल्या हवेच्या पिशवीला) चीनच्या काळ्या बाजारात प्रचंड किंमत मिळते, आणि त्याच्यासाठी लावलेल्या गिलनेटच्या डोळ्यांत वाकिटा नेमका अडकतो. 2015 मध्ये दोन वर्षांची गिलनेटबंदी लागू झाली, ती 2017 मध्ये कायम केली गेली, आणि चोरटी मासेमारी चालूच राहिली.

17 फेब्रुवारी

‘आता पुन्हा जहाज का नेत नाहीत, नीट मोजत का नाहीत’ हा प्रश्न मार्गदर्शकांनी विचारला. मला तोंडी उत्तर देता आले नाही, म्हणून हिशेब केला. आकडे काल्पनिक आहेत.

समजा क्षेत्र 2400 चौरस किलोमीटर आहे, त्यात 60 प्राणी दोन-दोनच्या गटात आहेत, म्हणजे 30 गट. जहाजाने 1200 किलोमीटर रेषा कापल्या, दोन्ही बाजूंना प्रत्येकी एक किलोमीटरचा परिणामकारक पट्टा मिळाला, म्हणजे पाहिलेले क्षेत्र 2400 चौरस किलोमीटर. रेषेवरचा गट दिसण्याची शक्यता निम्मी. अपेक्षित दर्शने 15. निव्वळ योगायोगाने येणारी त्रुटी 26 टक्के, बाकीच्या त्रुटी वेगळ्या. काम चालण्याजोगे आहे.

आता प्राणी 10 धरा. गट 5, अपेक्षित दर्शने अडीच. केवळ योगायोगाची त्रुटीच 63 टक्क्यांवर जाते, आणि एकही वाकिटा न दिसता जहाज परत येण्याची शक्यता 8 टक्के निघते. म्हणजे दहा प्राणी जिवंत असताना, मोहिमेत कोणतीही उणीव नसताना, बारा मोहिमांपैकी एक मोहीम शून्य घेऊन येईल, आणि त्या शून्याचा अर्थ ‘संपले’ असा लावण्याचा मोह सर्वांना होईल. मासेमारी मोकळी करा म्हणणाऱ्यांना तर तेवढेच हवे असते. इतक्या थोड्या संख्येवर रेषांचे सर्वेक्षण निरुपयोगीच नव्हे, घातकही ठरू शकते.

मार्गदर्शकांना हे पान पाठवले. त्यांनी ‘गट एकाच जागी जमलेले असतील तर शून्याची शक्यता आणखी वाढेल’ एवढी दुरुस्ती सुचवली. ती बरोबर आहे, टीप जोडली.

25 फेब्रुवारी

2017 च्या शरद ऋतूतील पकडमोहिमेबद्दल थोडक्यात. उरलेले प्राणी सुरक्षित कुंपणात ठेवण्याचा प्रयत्न झाला. पहिली मादी ताणाची लक्षणे दिसताच सोडून दिली, दुसरी प्रौढ मादी मेली आणि मोहीम तिथेच थांबवली गेली. संख्येच्या दृष्टीने त्या मोसमातून एक मोलाची गोष्ट हाती आली: पाठीवरच्या परावरील खुणांवरून ओळखता येतील अशी छायाचित्रे. 2017 मध्ये पिल्लासह टिपलेली एक मादी 2018 मध्ये पुन्हा पिल्लासह दिसली. पूर्वी दोन वर्षांतून एक पिल्लू धरले जाई. वाढीचा 4 टक्के हा दर त्यामुळे कदाचित कमी धरलेला असेल. 14 जानेवारीच्या गणिताखाली तशी नोंद केली. दर दीडपट केला तरी 78 च्या तुलनेत 34 होतात, मधल्या आकड्यांचा निष्कर्ष बदलत नाही.

4 मार्च

अलीकडच्या अंदाजांसाठी तक्त्याचा रकानाच बदलावा लागला. आता विचारला जाणारा प्रश्न ‘एकूण किती’ हा नाही, ‘निदान किती वेगवेगळे प्राणी दिसले’ हा आहे. आवाज जिथे येतात तिथे निरीक्षक जातात. मग प्रत्येक दर्शनाची वेळ, जागा, गटाचा आकार, पिल्लू होते की नाही, छायाचित्रांतल्या खुणा हे सर्व समोर ठेवून प्रत्येक तज्ज्ञ स्वतंत्रपणे सांगतो की हा नवा प्राणी असण्याची शक्यता त्याला किती वाटते. सर्वांची उत्तरे एकत्र करून शक्यतांचे वितरण तयार होते. मे 2023 च्या मोहिमेत दिसलेले वेगळे प्राणी, पिल्ले धरून, 10 ते 13 असण्याची शक्यता 76 टक्के ठरली. 2024 मध्ये 6 ते 8 ही सर्वांत संभाव्य संख्या निघाली.

या दोन आकड्यांमध्ये बाण काढण्याची सूचना आली होती, ती मी मान्य केली नाही. 1997 ते 2018 चे आकडे संपूर्ण प्रजातीचे अंदाज आहेत; हे दोन्ही एका लहान क्षेत्रात, थोड्या दिवसांत दिसलेल्यांचे किमान आकडे आहेत. प्राणी त्या क्षेत्राबाहेर असतील तर ते मोजलेच जात नाहीत. 2024 चा आकडा कमी आहे ही काळजीची बाब आहेच, पण त्यावरून घटीचा वार्षिक दर काढणे म्हणजे आकड्याकडून तो जे बोलत नाही ते वदवून घेणे. या दोन ओळी तक्त्यात जाड रेघेखाली, वेगळ्या शीर्षकाने राहतील.

11 मार्च

आनुवंशिकतेचा भाग मूळ आराखड्यात नव्हता, पण वाचकाच्या मनात प्रश्न येणारच की इतके थोडे उरल्यावर आपसातल्या प्रजननाने ते तसेही संपणार नाहीत का. 2022 मध्ये 20 वाकिटांच्या संपूर्ण जनुकसंचाचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यानुसार ही प्रजाती हजारो पिढ्यांपासून काही हजारांच्या आतच राहिली आहे आणि घातक दोषांचे ओझे तिच्यात मुळातच कमी आहे. जाळ्यांतले मृत्यू पूर्ण थांबले तर पुढच्या 50 वर्षांत नामशेष होण्याची शक्यता त्या अभ्यासाच्या संगणकीय प्रतिकृतींत 6 टक्के येते. मृत्यू 80 टक्क्यांनीच कमी झाले तर 62 टक्के. म्हणजे 6 आणि 62 यांतला फरक समुद्रातल्या जाळ्यांचा आहे, प्राण्याच्या रक्ताचा नाही. एक परिच्छेद जोडला.

13 मार्च

तक्ता पूर्ण झाला. सहा ओळी प्रजातीच्या अंदाजांच्या, दोन ओळी किमान दर्शनांच्या. छापलेली मर्यादा सापडली तिथे ती आकड्यासोबत दिली आहे. जिथे ती सापडली नाही तिथे मर्यादेचा खाना रिकामा ठेवला आहे आणि माझे गणित त्यात घातलेले नाही. 2016 च्या ओळीची मर्यादा मूळ अहवालातून तपासून घेणे आणि 17 फेब्रुवारीच्या हिशेबाला गट एकत्र जमण्याची दुरुस्ती लावणे, ही दोन कामे उरली आहेत. पुढच्या आठवड्यात दुसरे आधी करतो.